विम्याची हमी
विमा म्हणजे विश्वासाचा व्यवहार. आजच्या हप्त्याचें फळ तीस वर्षांनी मिळावयाचें. १९५६ पूर्वींच्या दशकांत २५ आयुर्विमा कंपन्या बुडाल्या, तेव्हां अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी हा धंदा सरकारच्या हातीं घेतला. १ सप्टेंबर १९५६ रोजीं स्थापन झालेल्या महामंडळाच्या विमारकमेस कायद्यानेंच केंद्र सरकारची हमी मिळाली. नांदेड त्या वेळीं हैदराबाद राज्यांत होतें. दोन महिन्यांनी तें मुंबई राज्यांत आलें, पण हमी अभंग राहिली.

२०२४ पासून सत्तरीपुढील वृद्धांच्या इस्पितळखर्चास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत सरकारी आधार आहे. मात्र अंथरुणास खिळलेल्यांची घरची शुश्रूषा त्यांत येत नाहीं. तो भार लेकीसुनाच वाहतात. या शुश्रूषेसाठीं विमा निघाल्यास, हमी कोणाची, हेंच लोक आधीं विचारतील. आमच्या मतें तें रास्तच होय.