बडोद्याची पेटी, दोह्याचे दालन

"ग्रंथालय सर्वांसाठी असावे" हे कुणालाही पटते. पण 'सर्व' म्हणजे कोण? याचे उत्तर प्रत्येक पिढीला नव्याने शोधावे लागते. यंदाच्या अंकासाठी त्या शोधाच्या दोन गोष्टी सांगते. एक आपल्या मराठी माणसाची, दुसरी आपण राहतो त्या कतारची.

मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शिकलेल्याला पुढे वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेले विसरायला कितीसा वेळ लागतो? १९१० साली महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांसाठी वेगळे वाचनालय झाले, मुलांसाठी खेळांसकट दालन झाले. आणि ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याची दृश्यशिक्षण शाखा होती. ती पडद्यावर चित्रे दाखवी. म्हणजे बघा, वाचता न येणाराही तिथे ग्रंथालयाच्या हिशेबात धरला होता!

आता कतारकडे येऊ. देश स्वतंत्र होण्याच्या नऊ वर्षे आधी, १९६२ साली, दोह्यात दार अल-कुतुब हे ग्रंथालय स्थापन झाले. २००८ साली कतारने अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार स्वीकारला. भारताने तो आदल्याच वर्षी स्वीकारला होता. २०१७ साली एज्युकेशन सिटीत कतार नॅशनल लायब्ररी लोकांना खुली झाली. वास्तुरचना रेम कूल्हास यांची. आपल्यासारख्या परदेशी रहिवाशांनाही तिचे सभासदत्व मोफत आहे, आणि अपंग वाचकांसाठी साहाय्यक उपकरणेही आहेत.

हे सगळे आठवायला कारण घडले. इथल्या एका भारतीय शाळेत प्राथमिक विभागाच्या जुन्या ग्रंथालयाचे नूतनीकरण निघाले. पालक समितीत मीही होते. सुरुवातीला चर्चा भिंतींचे रंग, बीनबॅग आणि कॉम्प्युटर यांचीच. मग एक आई म्हणाली, "माझा मुलगा व्हीलचेअरवर असतो. दाराला उंबरठा, कपाटं छतापर्यंत. त्यानं काय करायचं?"

सगळे गप्प झाले. त्यानंतर यादीच बदलली. दाराला उतार, बुटकी कपाटे, मधून व्हीलचेअर फिरेल एवढी जागा, ऐकायची पुस्तके, गोंगाट न सोसणाऱ्यांसाठी शांत कोपरा. पैसे मोजकेच, त्यामुळे कॉम्प्युटर कमी करावे लागले. "दोन-चार मुलांसाठी एवढा खर्च?" असेही कुणी म्हणाले.

अहो, पण बुटक्या कपाटापर्यंत पहिलीतल्या सगळ्यांचेच हात पोचतात. आणि ऐकायची पुस्तके? आपली कितीतरी मुले घरी झकास मराठी बोलतात, पण देवनागरीची ओळ आली की अडखळतात. मराठी गोष्टी ऐकायला मिळाल्या तर त्यांच्यासाठीही ते दार उघडेल. 'दोन-चार मुलांत' आपलीही आहेत.

तेव्हा मित्रहो, तुमच्या मुलांच्या शाळेत असे काम निघाले, तर रंग निवडण्याआधी एवढेच विचारा: इथे कोण येत नाही, आणि का?