हिरड्याचे तिसरे गिऱ्हाईक

मांड्यांवर आणि नितंबांवर त्वचेला बारीक खळगे पडतात, त्याला हल्ली सेल्युलाइट म्हणतात. ते 'नैसर्गिक रीतीने' घालवण्यासाठी जी उद्वर्तनाची, म्हणजे अंगाला चोळायची, चूर्णे विकली जातात, त्यांत त्रिफळा बऱ्याचदा असतो आणि त्रिफळ्यात हिरडा असतोच. हा हिरडा जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात आजही घराघराचे नगदी उत्पन्न आहे. चूर्णाच्या डब्यावर 'हजारो वर्षांची परंपरा' असे छापलेले असते, तेव्हा ही परंपरा कशाची, हा प्रश्न या डोंगराळ मुलखालाच विचारला पाहिजे. हिरड्याला आजवर तीन गिऱ्हाइके मिळाली. पहिले कातडे कमावणारे, दुसरे वैद्य आणि तिसरे कांती विकणारे. पहिल्या दोघांना हिरडा काय करतो आणि काय करत नाही याची पक्की जाण होती. तिसरे गिऱ्हाईक त्या दोघांच्या नावावर उधारीने धंदा करते आहे, असे या व्यापाराचा इतिहास पाहिला की दिसते.

आधी मुलूख पाहू. आंबेगावात आहुपे, तिरपाड, जांभोरी, तळेघर आणि जुन्नरात घाटघर, अंजनावळे, निमगिरी, हातवीज ही सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेली गावे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची, पाऊस प्रचंड, जमीन उताराची. भाताचे एक पीक निघाले की वर्षभराची रोकड दुसऱ्या कशातून तरी उभी करावी लागते, आणि तिथे हिरडा उपयोगी पडतो. एप्रिल-मेमध्ये फळ अगदी कोवळे असते, आतली आठळी धरलेली नसते. त्याच अवस्थेत ते झाडावर चढून, काठीने झोडपून पाडतात. खाली बायका-मुले ते वेचतात आणि अंगणात, खडकावर उन्हात पसरतात. हिरवे फळ सुकता सुकता सुरकुतते, काळे ठिक्कर पडते आणि वजनाला निम्म्याहून कमी भरते. हाच बाळहिरडा. वळवाची एक सर आली तरी माल बुरसतो, म्हणून आभाळाकडे डोळे लावूनच हे काम चालते. पैसा हाती येतो तो नेमका पेरणीच्या तोंडावर, बी-बियाणे आणि पावसाळ्याचा किराणा भरायच्या वेळी. झाडाच्या उत्पन्नाचा असा हिशेब जुन्नरला नवा नाही. इथल्या लेण्यांतल्या एका ब्राह्मी शिलालेखात एका शक दात्याने करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी शेतांचे उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे. नाणेघाटाने कोकणाशी जोडलेल्या या बाजारपेठेत झाड ही दोन हजार वर्षांपूर्वीही मालमत्ता होती.

पहिले गिऱ्हाईक कातडे कमावणाऱ्यांचे. फळ झाडावर राहून पोसले की त्यात टॅनिन भरपूर साठते, सुक्या गराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके. बाजारात या मधल्या अवस्थेच्या फळाला चांभारी किंवा रंगारी हिरडा म्हणतात. पूर्ण पिकलेला, पिवळसर, जाड गराचा तो सुरवारी. कमावण्याची रीत अशी: कातडे आधी चुन्यात भिजवायचे, केस आणि आतले मांस खरवडून काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात ते आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवायचे. टॅनिन हळूहळू आत मुरते, कातड्यातल्या कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांशी बांधते आणि एरवी कुजून जाणारी वस्तू वर्षानुवर्षे टिकू लागते. कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने असेच तयार होत आले. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या चामड्याच्या कारखान्यांना याची गोडी लागली आणि हिरडा जहाजांनी परदेशी जाऊ लागला. तिकडच्या पेठेत त्याच्या प्रती हिंदुस्थानातल्या गावांच्या नावांनी ओळखल्या जात, वेंगुर्ला ही त्यांतलीच एक. जंगलखात्याला हे उत्पन्न इतके मोलाचे वाटले की १९२७ च्या भारतीय वन कायद्याने लाकूड, कोळसा, लाख यांच्या ओळीत हिरड्याचे नाव घातले, आणि तो जंगलात मिळो वा जंगलाबाहेर, त्याला वनोपज ठरवले. म्हणजे स्वतःच्या बांधावरच्या झाडाचा हिरडा विकायला नेणारा माणूसही सरकारी वाहतूक परवान्याच्या कक्षेत आला.

दुसरे गिऱ्हाईक वैद्य. बाळहिरडा पोट साफ करणारा आणि सुरवारी रसायन म्हणून, ही त्यांची मुख्य विभागणी. अंगाला चूर्ण चोळण्याची गोष्टही जुनी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. वाग्भटाने दिनचर्येत उद्वर्तनाला जागा दिली आहे. ते कफ हटवते, मेद विरघळवते, अवयवांना घट्टपणा आणते आणि त्वचा नितळ करते, असे तो सांगतो. चरकाने स्थूल माणसाच्या उपचारांत कोरडे, खरखरीत उद्वर्तन सांगितले आहे. पण तेवढे वाचून थांबणे ही आजच्या जाहिरातीची चलाखी आहे. चरकाच्या त्याच प्रकरणात त्रिफळा येतो तो पोटात घ्यायचे औषध म्हणून. शिवाय जड पण पोषण कमी करणारा आहार, व्यायाम, कमी झोप आणि डोक्याला काम, हे सगळे तिथे एकत्र सांगितले आहे. म्हणजे चोळणे हा एका लांबलचक पथ्याचा छोटा भाग होता आणि पथ्य होते अख्ख्या शरीराच्या स्थूलपणावर. मांडीवरच्या चार खळग्यांना रोग मानून त्यांच्यावर स्वतंत्र लेप सांगणारा वैद्य या ग्रंथांत भेटत नाही. घरगुती उटण्याचीही तीच गोष्ट. नरक चतुर्दशीला तेल लावून वर उटणे चोळायचे ते तेलकटपणा निघावा, अंग स्वच्छ व्हावे, सुवास यावा म्हणून. न्हाऊन आल्यावर मांडीचा आकार बदलावा, अशी अपेक्षा कोणी धरली नव्हती.

मग हे खळगे दोष कधीपासून झाले? याची जन्मकथा सह्याद्रीत नाही, फ्रान्समध्ये आहे. सतराव्या शतकातल्या रूबेन्सच्या चित्रांत देवतांच्या मांड्यांवर ते सर्रास दिसतात आणि तिथे ते सौंदर्याचाच भाग आहेत. विसाव्या शतकात, विशेषतः दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, फ्रेंच सौंदर्य-मासिकांनी त्यांना शरीरात साचलेल्या विषाचे लक्षण ठरवले आणि मालीश, लेप, आहाराच्या तक्त्यांचा बाजार उभा राहिला. १९७३ मध्ये निकोल रोन्सार्ड यांचे या विषयावरचे पुस्तक अमेरिकेत निघाले आणि हा विषय तिथल्या घराघरात गेला. अवघ्या पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, न्यूर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी या तथाकथित व्याधीला मनाने रचलेला आजार म्हणत शरीररचनेचे स्पष्टीकरण दिले. स्त्रियांच्या मांडीत त्वचेला खालच्या थराशी बांधणारे तंतू बरेचसे उभे असतात, त्यांच्यामधली चरबी वर फुगते आणि तंतू जिथे ओढतात तिथे खळगा पडतो. पुरुषांत ही बांधणी तिरकी, जाळीदार असते, म्हणून खळगे क्वचित दिसतात. वयात आलेल्या बहुसंख्य स्त्रियांमध्ये, सडपातळ असोत वा जाड, ते कमी-अधिक असतातच. दहापैकी आठ-नऊ जणींना जे असते त्याला आजार म्हणायचे, तर निरोगी कोणाला म्हणायचे ते आधी ठरवावे लागेल.

आता हिरड्याकडे परत येऊ, कारण इथेच त्याचे पहिले गिऱ्हाईक साक्षीला उपयोगी पडते. चूर्णवाले म्हणतात, हिरडा तुरट आहे, तो त्वचा आवळतो. म्हणणे अर्धे खरे आहे. टॅनिन कोलॅजेनला बांधते हे कमावलेले प्रत्येक कातडे सांगते. पण ते साधण्यासाठी कातडे मेलेले असावे लागते, वरचा थर चुन्याने काढावा लागतो आणि आठवडे मोजावे लागतात. जिवंत त्वचेचा वरचा मृत पेशींचा थर बाहेरचे काही सहजी आत जाऊ न देण्यासाठीच असतो, आणि टॅनिनचे मोठे रेणू दहा-पंधरा मिनिटांच्या चोळण्याने खालच्या तंतूंपर्यंत पोचत नाहीत. पोचून त्यांनी तिथे कातड्यासारखे काम केलेच असते, तर ती भयंकर गोष्ट ठरली असती. चोळल्यावर त्वचा थोडा वेळ गुळगुळीत दिसते ती रक्ताभिसरण वाढल्याने, साचलेले पाणी इकडेतिकडे सरल्याने आणि वरचा मळ निघाल्याने. काही तासांत सगळे पूर्ववत होते. हे तंतू किती हट्टी आहेत ते आधुनिक वैद्यकालाही कळले आहे. कोलॅजेन विरघळवणारे एक इंजेक्शन अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाले, पण काळेनिळे डाग आणि त्वचेचा रंग पालटण्याच्या तक्रारींमुळे कंपनीने २०२२ च्या अखेरीस ते बंद करण्याचे जाहीर केले. सुईने आत सोडलेल्या औषधाची ही गत, तर बाहेरून चोळलेल्या चूर्णाकडून काय अपेक्षा ठेवायची?

यावर एक आक्षेप नेहमी येतो. डोंगरातल्या बायका दिवसभर चढउतार करतात, डोक्यावर हंडे वाहतात, भातखाचरात वाकून आवणी करतात, त्यांना कुठे असले काही होते? म्हणजे कष्ट हाच नैसर्गिक उपाय. यात तथ्याचा अंश आहे. मांडीचे स्नायू बळकट झाले आणि वजन आटोक्यात राहिले, तर खळगे कमी उठून दिसतात. घरगुती उपायांत सर्वांत भरवशाचा उपाय हाच. पण तेही दिसण्यापुरते. तंतूंची रचना बदलत नाही आणि वजन एकदम उतरले तर सैल त्वचेमुळे खळगे उलट ठळक होतात. डोंगरातल्या बायकांना ते होत नाहीत, या समजुतीला आधार काय, तर त्यांच्या मांड्या कोणी पाहिलेल्या नाहीत, एवढाच. शिवाय उन्हाळ्यात पाण्यासाठी कोसभर पायपीट आणि पावसाळ्यात उपासमारीची भीती, यांना सौंदर्यसाधना म्हणणे हे दुसऱ्याच्या अभावाला आपल्या आरोग्याचा नमुना ठरवणे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चूर्ण निरुपद्रवी आहे, विकत घेणारीला चोळण्याचे सुख मिळते आणि हिरड्याला मागणी आली तर गोळा करणाऱ्याचेच भले होते, मग दाव्याची चिकित्सा कशाला? पण मागणी वाढली की वेचणाऱ्याला आपोआप भाव मिळतो, असे या पट्ट्याचा इतिहास सांगत नाही. पेरणीच्या तोंडावर नड असलेल्या माणसाचा माल पडेल भावाने उचलणे, ही इथली जुनी रीत. सावकारीने लोक इतके पिचले होते की १८७० च्या दशकात जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी सावकारांविरुद्ध बंड केले. १८७६ मध्ये ते पकडले गेले. बरोबर शंभर वर्षांनी, १९७६ मध्ये, महाराष्ट्राने आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा केला आणि एकाधिकार खरेदीची व्यवस्था आली. १९७२ मध्ये स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ हिरड्याचे खरेदीदार झाले. खरेदी केंद्र चालू असले की व्यापारी भाव चढा ठेवतो आणि ते बंद पडले की पाडतो, हा गावांचा अनुभव. म्हणूनच खरेदी सुरू ठेवण्यासाठी किसान सभेला इथे वारंवार आंदोलने करावी लागली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे आणि माल दोन्हींचे नुकसान केले, तेव्हा भरपाईसाठीही लोकांना कित्येक वर्षे झगडावे लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी मान्य केली, पण मालकी आणि भाव या दोन गोष्टी वेगळ्याच राहिल्या. कातड्याच्या व्यापारात, औषधाच्या व्यापारात आणि आता कांतीच्या व्यापारात नफा डब्यावरच्या मजकुराने मिळवला आणि वजनकाटा मात्र गावात लागला.

खोट्या दाव्यावर उभी राहिलेली मागणी टिकाऊही नसते. क्रोम वापरून झटपट कातडे कमावण्याची रीत रूढ झाली तशी हिरड्याची चामड्यातली सद्दी ओसरली, पण त्यात हिरड्याची नाचक्की झाली नाही, कारण तो सांगितलेले काम करत होता. वैद्यांकडचे गिऱ्हाईक टिकून आहे, कारण कोठा साफ करण्याचे काम तो आजही करतो. सेल्युलाइटचे चूर्ण वापरून चार महिन्यांनी काही बदलले नाही असे दिसले की ग्राहक पुढच्या नव्या डब्याकडे वळणार, आणि रोष बसणार हिरड्यावर. म्हणून हिरड्याच्या मुलखाचे हित पाहणाऱ्याने हा दावा सर्वांत आधी नाकारला पाहिजे. उटणे चोळावे, त्यात आनंद आहे. चालावे, उठाबशा काढाव्यात, त्यात ताकद आहे. मांडीवरच्या खळग्यांना शरीराची सर्वसाधारण ठेवण मानून सोडून द्यावे. आणि आयुर्वेदावर खरोखर श्रद्धा असेल तर ती बाळहिरड्याला हमीभाव मिळावा, खरेदी केंद्र एप्रिल सरण्याआधी उघडावे आणि आपल्या झाडाचा माल विनाअडथळा बाजारात नेता यावा, या मागण्यांमागे उभी करावी. हिरड्याचा सिद्ध झालेला गुण तिथे कामी येतो: तो गरजेच्या महिन्यात घरात रोकड आणतो.