दूधआईपासून दूधयंत्रापर्यंत

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम नावाचे तालुक्याचे गाव आहे. कावेरी आणि तिच्या शाखांनी पोसलेला हा प्रदेश भातशेतीचा. गावातील शिवमंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातील एक प्रचंड धान्यकोठार अद्याप उभे आहे. पीक आले की भरावे आणि तूट पडली की उघडावे, ही त्या कोठारामागची दूरदृष्टी. परंतु मनुष्याचे जे पहिले अन्न, त्याला असे कोठार निसर्गाने दिलेले नाही. आईचे दूध सुगीत भरून ठेवता येत नाही. बाळ पीत राहिले तर ते येत राहते, आणि बाळ दूर गेले की हळूहळू आटते. आई आणि बाळ यांच्यामध्ये मृत्यू, आजारपण, प्रवास किंवा पोटाचा व्यवसाय आला, तर त्या बाळाने काय प्यावे, हा प्रश्न म्हणूनच मानवजातीइतका जुना आहे. आज नव्याने आई झालेली स्त्री दूध काढण्याचा पंप निवडते तेव्हा ती याच प्रश्नाचे उत्तर शोधीत असते. तिच्या निवडीमागे मोठा इतिहास उभा आहे. आणि त्यातील एक मोलाचा भाग याच तंजावर प्रदेशात, मराठी राजवटीत घडलेला आहे.

पापनाशम तालुक्यातच तिरुक्करुकावूर हे क्षेत्र आहे. तेथील देवीचे नाव गर्भरक्षांबिका. निध्रुव ऋषींची पत्नी वेदिका गर्भवती होती. ऋषी बाहेर गेले असता दारी आलेल्या एका तपस्व्याचे आतिथ्य थकव्यामुळे तिच्या हातून वेळेवर झाले नाही, आणि त्याच्या शापाने तिचा गर्भ संकटात सापडला. तेव्हा देवीने तो गर्भ एका दिव्य कुंभात ठेवून पूर्ण दिवसांपर्यंत वाढविला, अशी स्थलपुराणातील कथा. पण कथा येथे थांबत नाही, हे विशेष. बाळ तर जन्मले. त्याला दूध कोठून मिळावे? मग कामधेनू आली, तिने खुराने भूमी उकरली आणि तेथे दुधाचे कुंड निर्माण झाले. त्या क्षीरकुंडाची खूण म्हणून देवळासमोरचे तळे आजही दाखविले जाते. ही कथा रचणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जीव जन्माला आला म्हणजे तो वाचला असे नव्हे. जन्मानंतरचा पहिला प्रश्न दुधाचा असतो, आणि तो सुटला नाही तर देवीचे सारे कर्तृत्वही अपुरे पडते.

आपल्या प्राचीन वैद्यांनी या प्रश्नाचा विचार कथेतून नव्हे, तर व्यवहाराच्या अंगाने केला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात धात्रीची, म्हणजे दूध पाजणाऱ्या स्त्रीची, निवड कशी करावी हे तपशिलाने सांगितले आहे. ती मध्यम वयाची, निरोगी, फार कृश नाही व फार स्थूलही नाही अशी, शांत आणि वत्सल स्वभावाची असावी. तिचे स्वतःचे मूल जिवंत असावे. तिच्या दुधाचीही परीक्षा करावी. पाण्यात टाकले असता ते सहज एकरूप व्हावे, त्याला तंतू अथवा फेस नसावा. पाजण्यापूर्वी स्तन धुऊन थोडे दूध पिळून टाकावे, असेही तेथे सांगितले आहे. साचून ताठलेल्या स्तनातील दूध एकदम पाजले तर बाळाला खोकला, दम अथवा वांती होते, हे त्यामागचे कारण. हाताने दूध काढण्याचे शास्त्र आपल्याकडे किती जुने आहे याची यावरून कल्पना येईल. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनी दूध नाहीसे होते, असेही सुश्रुताने म्हटले आहे. दूध हे केवळ शरीराचे नव्हे, मनाचेही आहे, हे त्या काळी ओळखले गेले होते.

महाराष्ट्राच्या इतिहासात धात्रीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे कापूरहोळची धाराऊ. संभाजीराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. मातोश्री सईबाई आजारी असत. १६५९ साली त्यांचा मृत्यू झाला. धाराऊने बाळराजांना दूध पाजले, आणि मराठी मनाने तिला ‘दूधआई’ हे नाव देऊन आपले मानले. शब्द मोठा सुंदर आहे. परंतु त्याच्या आड एक दुसरे मूलही असते. एका घरचे बाळ दुसऱ्या स्त्रीच्या दुधावर वाढते, तेव्हा त्या स्त्रीच्या स्वतःच्या बाळाच्या वाट्याला काय येते? जगातील अनेक देशांत गरीब स्त्रिया मोलाने श्रीमंतांची मुले पाजीत, आणि त्यांची स्वतःची मुले गायीच्या अथवा शेळीच्या दुधावर, कधी नुसत्या पेजेवर, वाढत किंवा दगावत. दूधआईची प्रथा म्हणजे एका बाळाची तूट दुसऱ्याच्या वाट्यातून भरणे होय. हे तिचे वैगुण्य विसरून चालणार नाही.

ही तूट दुसऱ्या बाळाच्या वाट्यातून न भरता धर्मादायातून भरण्याचा एक प्रयत्न तंजावरच्या मराठी राज्यात झाला. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात येथे राज्य स्थापिले. उत्तरेतून रामेश्वराला जाणारे यात्रेकरू याच प्रदेशातून जात. त्यांच्यासाठी भोसले घराण्याने वाटेवर छत्रे बांधली; त्यांतील बरीचशी राजस्त्रियांच्या नावाने प्रसिद्ध आहेत. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला आणि दुसरे सरफोजीराजे यांच्याकडे तंजावरचा किल्ला तेवढा उरला. राज्य गेले तरी छत्रे आपल्याकडे राहावीत, असा आग्रह त्यांनी धरला. १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांतून काय काय चालते याचे वर्णन त्यांनी केले. सर्व जातींच्या प्रवाशांना अन्न मिळते. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास यावे, अशी हाक दिली जाते. आजाऱ्यांना औषध आणि पथ्य मिळते. पोरक्या मुलांना शिक्षण मिळते. आणि याच ओघात दोन गोष्टी येतात. तान्ह्या मुलांना दूध पुरविले जाते. आणि गर्भवती स्त्रियांना ममतेने वागविले जाते, त्या छत्रात बाळंत झाल्या तर खर्च छत्र सोसते व बाळंतपणानंतर तीन महिने त्यांना तेथे राहू दिले जाते.

हे तीन महिने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. यात्रेच्या वाटेवर अडकलेल्या अनोळखी बाळंतिणीला त्या छत्राने नुसते दूध दिले नाही. तिला वेळ दिला. तिला निवारा, आहार आणि विश्रांती मिळाली म्हणजे तिचे दूध तिच्याच बाळाला मिळणार होते. बाळाची उपासमार टाळण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे आई आणि बाळ यांच्यात अंतर पडू न देणे, हे तत्त्व तेथे प्रत्यक्ष आचरणात होते. सरफोजीराजांना वैद्यकाची आवड होती, आणि त्यांचे धन्वंतरी महाल हे औषधशास्त्राच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे; परंतु छत्रातील ही व्यवस्था कोणत्याही औषधापेक्षा कमी मोलाची नव्हती.

याच प्रदेशाच्या स्वयंपाकघरात आणखी एक साधन सापडते. तमिळ घरांतून तान्ह्या मुलाला दूध पाजण्यासाठी निमुळत्या चोचीची एक लहान वाटी वापरतात. तिला पालाडै म्हणतात. मराठी घरांतील बोंडले ते हेच. ते उघडे असल्याने धुण्यास सोपे, उकळण्यास सोपे. सांदीकोपऱ्यात घाण साचण्याची भीती नाही. रबरी बोंडीची बाटली बाजारात आली तेव्हा बोंडले मागासलेले ठरले. परंतु अस्वच्छ बाटलीतून हगवणीसारखे रोग पसरतात, हे पुढे स्पष्ट झाले. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्या व कृत्रिम शिशुआहार यांच्या जाहिरातीस बंदी केली. अकाली जन्मलेल्या आणि ओढून पिण्याचे बळ नसलेल्या अर्भकांना काढलेले दूध पाजण्यासाठी आज रुग्णालयांतून पुन्हा हेच पालाडै वापरले जाते.

दूध काढण्याच्या यंत्राची कथा मात्र युरोप-अमेरिकेतील आहे. सोळाव्या शतकापासून तेथे लांब चोचीची काचेची पात्रे वापरात होती; त्यांतून स्त्री स्वतःच तोंडाने हवा ओढून घेई. हेतू बाळाला पाजण्याचा नसून ठणकणारा स्तन मोकळा करण्याचा असे. १८५४ साली ओ. एच. नीडहॅम याने अमेरिकेत अशा पंपाचे पेटंट घेतले. विसाव्या शतकात हेतू बदलला. शिकागोचे बालरोगतज्ज्ञ आयझॅक ॲब्ट यांना अकाली जन्मलेल्या अर्भकांसाठी आईचे दूध हवे होते, आणि एडवर्ड लास्कर या बुद्धिबळपटू अभियंत्याने विजेवर चालणारे यंत्र तयार केले. त्याचे पेटंट त्याला १९२८ साली मिळाले. पुढे स्वीडनमध्ये आयनार एग्नेल या अभियंत्याने यंत्राची ओढ किती असावी आणि ती किती वेळाने सोडावी याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तो १९५६ साली प्रसिद्ध केला. सतत ओढीने इजा होते. बाळ ओढते, थांबते, पुन्हा ओढते. यंत्रानेही तसेच करावे, हे त्याचे सूत्र. ही यंत्रे दीर्घकाळ रुग्णालयांतच होती. घरी आणि कचेरीत नेता येतील अशी विजेची लहान यंत्रे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रचारात आली, कारण तोवर नोकरी करणाऱ्या मातांची संख्या वाढली होती.

या इतिहासावरून निवडीचा नियमही निघतो. यंत्र पाहण्यापूर्वी अंतर पाहावे. आई आणि बाळ बहुतेक वेळ एकत्र असतील, तर यंत्राची गरजच नाही. स्वच्छ हातांनी दूध काढण्याची रीत शिकलेली असली म्हणजे पुरे. ती बिनखर्ची असून पहिल्या दिवसांतील दाट चीक काढण्यास विशेष उपयोगी पडते. क्वचित काही तासांसाठी बाहेर जावे लागत असेल, तर हाताने चालवायचा साधा पंप पुरतो. रोज आठ-दहा तास कामावर जाणाऱ्या स्त्रीला विजेचा, दोन्ही बाजूंचे दूध एकाच वेळी काढणारा पंप वेळ वाचवितो. बाळ अकाली जन्मून रुग्णालयात असेल, तर रुग्णालयातील मोठे यंत्र हवे. कीप अंगाला योग्य मापाची असावी. ओढ वेदना न होईल इतकीच ठेवावी. अधिक ओढीने अधिक दूध येत नाही. ज्याचे सर्व भाग सुटे करून धुता येत नाहीत ते यंत्र कितीही महाग असले तरी टाळावे. काढलेले दूध साधारण २५ अंश तापमानात सुमारे ४ तास, शीतकपाटात सुमारे ४ दिवस टिकते. तंजावर किंवा विदर्भातील उन्हाळ्यात बाहेर ठेवलेल्या दुधाचा भरवसा त्याहून कमी धरावा. आणि सुश्रुताने जे सांगितले तेच आधुनिक शरीरशास्त्रही सांगते. बाळाच्या स्पर्शाने, त्याच्या आठवणीने आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे द्रव्य स्रवते आणि दुधाला पान्हा फुटतो. भीती आणि घाई त्याला अडवितात. दारावर थाप पडण्याच्या धास्तीत, कोठीच्या खोलीत बसलेल्या स्त्रीला उत्तम यंत्रही फारसे दूध देऊ शकत नाही.

म्हणूनच हा प्रश्न बाजारात पुरता सुटत नाही. मुंबई इलाख्याने १९२९ साली देशातील पहिला प्रसूतिलाभ कायदा केला. त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधिमंडळात १९२८ साली बोलले होते. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची रजा दिली. छत्रातील तीन महिने तेवढेच होते. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली आणि मोठ्या आस्थापनांत पाळणाघर आवश्यक ठरले. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या. महाराष्ट्रात बसस्थानकांवर हिरकणी कक्ष उघडले गेले. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर भुकेल्या बाळासाठी कडा उतरणाऱ्या गवळणीचे नाव त्यांना दिले आहे. तमिळनाडूतही २०१५ साली बसस्थानकांवर अशा खोल्या झाल्या. एवढे असूनही भाताची लावणी करणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीपर्यंत पगारी रजा क्वचितच पोहोचते. ती रजेची आणि यंत्राची निवड करीत नाही; तिच्यापुढे काम आणि बाळ एवढीच निवड असते.

आईचे दूध साठविण्याचे जे कोठार निसर्गाने दिले नाही, ते अखेर माणसांनी उभारले. पहिली दुग्धपेढी १९०९ साली व्हिएन्नात निघाली. आशियातील पहिली दुग्धपेढी मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरू झाली. आपल्या बाळाला पाजून उरलेले दूध माता तेथे देतात. देणाऱ्या मातेची आरोग्यतपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, निवळ ठरल्यावर गोठवून ठेवले जाते आणि ज्यांच्या आया आजारी आहेत किंवा हयात नाहीत अशा दुबळ्या अर्भकांना दिले जाते. येथे दूधआई पुन्हा अवतरली आहे. पण एका बाळाचा घास काढून दुसऱ्याला देणारी ही व्यवस्था नव्हे. प्रत्येकीच्या शिलकीतून हे कोठार भरते. आणि तेथेही दूध काढणारा पंप असतोच, परंतु आपल्या योग्य जागी, एक साधन म्हणून. यंत्र दूध काढते. दूध येण्यासाठी लागणारी विश्रांती, जागा आणि वेळ समाजालाच द्यावी लागते.