चांदबिबीचा नसलेला महाल

अहमदनगरहून पाथर्डीच्या वाटेने सुमारे १३ किलोमीटर गेले की शहाडोंगर लागतो. त्याच्या माथ्यावरील अष्टकोनी, तीन मजली, नक्षीकामाचा सोस नसलेली दगडी इमारत लोकांच्या तोंडी 'चांदबिबीचा महाल' झाली आहे. वस्तुतः तो महालही नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. मूर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर होय.

१४९० साली मलिक अहमदाने बहमनी फौजेचा भिंगारजवळ पराभव केला आणि १४९४ मध्ये सीनेकाठी नगर वसविले. आरंभी मातीचा असलेला किल्ला हुसेन निजामशहाने दगडात बांधून काढला. सह्याद्रीतील गडांना सरावलेल्या डोळ्यांना हा भुईकोट प्रथम काहीसा निराश करतो. त्याचे बळ खंदकाच्या काठाशी उभे राहिल्यावरच उमगते. १५९५-९६ मध्ये शहाजादा मुरादच्या मोगल सैन्याने सुरुंग लावून तट पाडला, तेव्हा हुसेनचीच कन्या चांदबिबी त्या खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभारला गेला. पुढे वऱ्हाड देऊन तह करावा लागला. १६०० मध्ये ती फितूर झाल्याच्या संशयाने तिच्याच माणसांनी तिचा वध केला व किल्ला मोगलांकडे गेला. अशा स्त्रीच्या नावाने लोकांनी एखादी वास्तू ओळखावी, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे सलाबतखानावर अन्याय झाला, असे मला वाटते.

त्याचा धनी मूर्तजा विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होता. याच राजाच्या फौजेने १५७०-७१ मध्ये पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला होता. रेवदंडा-कोर्लई भागातील आपल्या वाचकांना ते तट परिचित असतीलच. दीर्घ वेढ्यानंतरही चौल पडले नाही. त्यानंतर राजा दरबारापासून दूर एकांतात राहू लागला आणि कारभाराचा भार सलाबतखानावर आला. शेवटी राजाने त्यालाच कैदेत टाकण्याचा हुकूम दिला. सत्ता हाती असतानाही त्याने विरोध न करता आपण होऊन बेड्या पत्करल्या, असे त्या काळी नगरच्या दरबारी असलेला इतिहासकार फेरिश्ता लिहितो. १५८८ मध्ये मूर्तजाचा त्याच्याच मुलाने वध केला. पुढच्या वर्षी सलाबतखानही वारला.

नगरच्या उत्तरेस डोंगरगणजवळ मांजरसुंब्याचा गड आहे. पाण्याच्या सोयीसाठी तो अवश्य पाहावा. परंतु वेळ थोडा असेल तर शहाडोंगर चढावा. वरून दौलताबाद दिसावे म्हणून ही वास्तू एवढी उंच बांधायची होती, असे गावकरी सांगतात. दौलताबाद दिसो वा न दिसो, नगरचे पठार मात्र दूरवर पसरलेले दिसते. शहराच्या आग्नेयेस फराहबाग आहे. ते काम सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ च्या सुमारास पुरे झाले. मधोमध राजवाडा आणि भोवती तलाव, अशी त्याची रचना होती. आता तलाव कोरडा आहे आणि वाड्याच्या कमानी ढासळलेल्या आहेत.