डॉ. कोटणीस यांचे चीनमधील दिवस

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे ते बहुधा व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे. पडद्यावर पराक्रमाला जागा असते, रोजच्या कामाला नसते. परदेशी सेवेस गेलेल्या डॉक्टरचे आयुष्य मात्र बहुतांशी रोजच्या कामातच जाते, आणि म्हणून त्या बाजूने त्यांच्याकडे पाहावे असे आम्हांस वाटते.

कोटणीस सोलापूरचे. जन्म १० ऑक्टोबर १९१०. लातूर-नांदेडकरांना सोलापूर परके नाही, जरी त्या काळी आपला मुलूख निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजी अमलाखाली होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली तेव्हा आपल्या अनेक जखमींना उपचारासाठी सोलापुरातच नेण्यात आले. अनोळखी डॉक्टराच्या हाती जीव सोपविणे म्हणजे काय, हे आपल्या भागाला कोणी समजावून सांगावयास नको.

जपानने १९३७ साली चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानींच्या विनंतीवरून भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांनी मुंबई सोडली. मुदत साधारण वर्षाची ठरली होती. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी कोटणीस यांना कळली. परतण्याची मुभा होती, पण ते थांबले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये परतले, त्यानंतर वर्षभराने अटल. बसू पुढे येनानला राहिले, आणि उत्तर चीनच्या डोंगरी मुलखात कोटणीस एकटेच भारतीय उरले.

तो मुलूख जपानी फौजांनी वेढलेला होता. औषधे बाहेरून आणणे म्हणजे जिवावरचे काम. रुग्णालयाला स्वतःची इमारत अशी नसेच. जखमींना गावकऱ्यांच्या घरांत, चुलीच्या धगीने ऊब राहणाऱ्या मातीच्या ओट्यांवर ठेवीत. शत्रू जवळ आला की रुग्णांसह सारा पसारा उचलून पुढच्या गावी जावयाचे. शस्त्रक्रियेचे साहित्य खेचराच्या पाठीवर बसेल अशी बांधणी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी आधीच करून ठेवली होती. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून बेथ्यून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी वारले. कोटणीस तेथे पोहोचले ते त्यांच्या मृत्यूनंतर. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्याच नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते संचालक झाले.

खाणे मुख्यतः राळ्याचे. राळे आपल्याकडेही पूर्वी पिकत असत. जुन्या माणसांना त्यांची चव आठवत असेल. पण महिनोन् महिने तेच खाणे निराळे. १९४० च्या मोठ्या मोहिमेत कोटणीस यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ही गोष्ट सर्वांच्या स्मरणात राहते. आम्हांस त्याहून विलक्षण वाटते ते त्यांचे भाषा शिकणे. ते चिनी भाषा इतकी शिकले की वैद्यकीय शाळेत त्याच भाषेत व्याख्याने देऊ लागले, विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक त्यांनी पूर्ण केले आणि दुसरे लिहावयास घेतले. केरळातून आलेल्या आपल्या धर्मभगिनी मराठवाड्याच्या खेड्यांत रुग्णांशी मराठी बोलतात, तेव्हा त्यामागे किती संध्याकाळी खर्ची पडल्या असतील याचा विचार आपण क्वचितच करतो.

त्याच शाळेत कुओ छिंगलान परिचर्या शिकवीत. त्यांना त्या भागात आणण्यात कॅथलीन हॉल या न्यूझीलंडच्या अँग्लिकन मिशनरी परिचारिकेचा हात होता. हॉलबाई पेकिंगहून औषधे चोरून बेथ्यून यांच्याकडे पोहोचवीत. पुढे जपान्यांनी त्यांना तेथून घालवून दिले. १९४१ च्या अखेरीस कोटणीस व कुओ यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

आता एक अवघड गोष्ट. १९४२ साली कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. ज्या पक्षाच्या राजवटीने पुढे परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढले, त्याच्या सदस्याचे स्मरण कॅथोलिक घरात करावे काय? प्रश्न रास्त आहे. त्याच हेबेई प्रांतात, आनकुओ येथे, फादर व्हिन्सेंट लेब होते. जन्माने बेल्जियन, १९२७ साली ते चीनचे नागरिक झाले. चिनी ख्रिस्तसभेला चिनी महागुरू हवेत असा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला, आणि १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी सहा चिनी महागुरूंना रोममध्ये दीक्षा दिली. युद्ध सुरू होताच फादरांनी आपल्या चिनी धर्मबंधूंना घेऊन जखमींना वाहून नेणारी पथके उभारली. १९४० साली कम्युनिस्ट सैन्याने त्यांना काही आठवडे अडकवून ठेवले. सुटले तेव्हा प्रकृती पार ढासळली होती, आणि २४ जून १९४० रोजी चुंगकिंग येथे त्यांचे देहावसान झाले.

म्हणजे एकाच शत्रूशी लढताना जखमी झालेल्यांची सेवा दोघांनीही केली, आणि एकाचा पक्ष दुसऱ्याच्या छळाला कारण झाला. हे झाकून कोटणीस यांचा गौरव करणे आम्हांस पटत नाही. पण दयाळू शोमरोनी कोणत्या पंथाचा, हे ठाऊक असूनच प्रभूने त्याची गोष्ट सांगितली, हेही विसरता येत नाही. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याकडे चीनचे नाव घेणेच जड झाले होते. कोटणीस यांच्या आठवणीवरही त्याचे सावट पडले.

अपस्माराचे झटके त्यांना अधूनमधून येत. विश्रांती घ्या, असे सहकारी सांगत. काम चालूच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, एका तीव्र झटक्यात ते गेले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. तोही वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली वारला. बसू १९४३ साली भारतात परतले. कुओ छिंगलान २०१२ पर्यंत जगल्या आणि सोलापूर-मुंबईच्या कोटणीस कुटुंबाशी त्यांनी नाते राखले. शिचियाच्वांग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत कोटणीस यांची कबर आहे, बेथ्यून यांचीही तेथेच. शस्त्रक्रियेचे दुसरे पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले.