सरस्वतीच्या तसबिरीवरचं व्हार्निश



शिक्षकांच्या खोलीतली सरस्वतीची तसबीर तुम्हाला आठवत असेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती पाटावर ठेवून आपण पाटीपूजन करायचो. पुढे ती काळपट होत गेली. भिंतीच्या ओलीनं चित्र खराब झालं, असंच सगळे म्हणत आले. खरं कारण वेगळं आहे. ते सांगण्याआधी या तसबिरीचा इतिहास सांगतो, कारण तो आपल्या लोकलच्या वाटेवरचाच आहे.

देहूरोडहून लोणावळा लोकलनं निघालं की लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन मळवली. भाजे लेणी आणि लोहगडाच्या सहलीला आपण तिथंच उतरायचो. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. 'शकुंतला जन्म' हे तिथं छापलेलं पहिलं चित्र. पुढे मुंबईत प्लेग पसरला आणि १८९९ मध्ये छापखाना मळवलीला आला. काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात गेला. राजवाड्यांत टांगलेली लक्ष्मी-सरस्वती या छापखान्यामुळे साध्या घरांत पोहोचली. आपल्या तसबिरीखाली बारीक अक्षरांत याच छापखान्याचं नाव आहे.

ही छपाई दगडावरची. प्रत्येक रंगाला चुनखडीचा वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग. शेवटी व्हार्निशचा हात. त्यानं कागद चकाकायचा, रंग गडद दिसायचे आणि छापील चित्र तैलचित्रासारखं वाटायचं. म्हणून त्याला ओलिओग्राफ म्हणत. लॅटिनमध्ये 'ओलियम' म्हणजे तेल.

खऱ्या तैलचित्राला मात्र वाट पाहावी लागते. आपले चित्रकलेचे सर सांगायचे, की त्यातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतं. त्यामुळे शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभरानं द्यायचं. घाई केली तर पुढे भेगा पडतात. त्यासाठी टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली डामर नावाची राळ वापरतात. ती काळानं पिवळी पडते, पण तज्ज्ञ माणूस ती उतरवून नवी देऊ शकतो. धूर-धूळ व्हार्निशनं सोसायची आणि खालचा रंग वाचवायचा, असा तो हिशेब.

हे सगळं ऐकूनही मी नववीत चूक केली. गॅदरिंगच्या आधी बाकांना पॉलिश चाललं होतं. तसबिरीची काच फुटल्यामुळे चित्र उघडं होतं. सरांनी मला फक्त कोरड्या फडक्यानं धूळ पुसायला सांगितली होती. मी डब्यात उरलेल्या फर्निचरच्या व्हार्निशचे दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी सरस्वती लखलखत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी पाठ थोपटली. सरांनी चित्रावरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते काहीच बोलले नाहीत.

दहावीपर्यंत चित्र पिवळं पडलं, मग तपकिरी. पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवली म्हणून शिपाईमामांना बोलणी बसली. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. मामा आता नाहीत. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाला भेटून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना माहीत होतं. डबा त्यांनीच उचलून ठेवला होता."

मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत जळाला. त्या दगडांवरून तशी प्रत आता निघणार नाही. म्हणून एक विनंती. मेळाव्यासाठी तसबीर खाली काढाल, तेव्हा हौसेनं कुणी ती पुसू नका, चकाकी आणायला जाऊ नका. कागदावरची जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला ती दाखवू या. माझे दोन हात उतरतील की नाही, ते तोच सांगेल. खर्च माझा.