घोडनदीच्या वाटेवर : जुनी मोटार की नवी?

दसऱ्याच्या सकाळी रांजणगावच्या महागणपतीला जावे आणि देवळाबाहेर उभ्या असलेल्या मोटारी पाहाव्यात. झेंडूचे तोरण सगळ्यांच्याच कपाळी असते, लिंबू सगळ्यांच्याच चाकाखाली चिरडते. परंतु एखादी गाडी कारखान्यातून नुकतीच उतरलेली असते, तर शेजारच्या गाडीने आधीच्या मालकाकडे सात-आठ दसरे पाहिलेले असतात. देवाला दोन्ही सारख्याच. भेद पडतो तो घरात! उसाचे किंवा कांद्याचे पैसे हाती आले, की शिरूरात काय आणि दौंडात काय, फराळाच्या ताटाबरोबर हाच वाद रंगतो. घ्यायची तर कोरी करकरीत घ्या, असे एक पक्ष म्हणतो. त्याच पैशांत वापरलेली मोठी येईल, असे दुसरा. या वादाला इतिहास आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. कारण एक काळ असा होता, की जुनी मोटार नवीपेक्षा महाग मिळे!

या मुलखाला चाकाची ओळख जुनी. दौंडला आगगाडी मोटारीच्या कितीतरी आधी आली आणि १८७८ मध्ये मनमाडचा रस्ता खुला झाल्यावर ते मोठे जंक्शन झाले. शिरूर, म्हणजे जुन्या माणसांची घोडनदी, हे मात्र पुणे-नगर सडकेचे गाव. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी नगरहून पुण्याला निघाली, ती याच सडकेने. लाकडी सांगाड्याची बेडफर्ड गाडी आणि काथ्याच्या बैठका, असा तो थाट होता. सामान्य माणसाची मोटार ती हीच. स्वतःची मोटार असावी, ही हौस डॉक्टर, वकील, व्यापारी नि मोठे बागाईतदार यांची. त्यांतही पुष्कळांची भिस्त जुन्या गाडीवर असे. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपगाड्या देशभर लिलावात निघाल्या आणि खाकी रंग उतरवून संसाराला लागल्या.

नवी मोटार देशात बनावी, ही धडपड करणारा माणूस आपल्या शेजारचाच म्हटला पाहिजे. दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात ज्यांनी वालचंदनगर उभे केले, त्याच शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याचा तिचा कारखाना पुढे फियाट गाडीमुळे घरोघर माहीत झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सुचविले, की परदेशी भाग नुसते जुळवून विकणे पुरे. गाडी येथेच घडवील त्यानेच धंदा करावा. मुंबईत १९२८ पासून गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. मग मैदानात उरल्या फियाट, कलकत्त्याकडची अँबेसडर आणि १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड.

तीन गाड्या आणि गिऱ्हाईक अवघा देश! कारखान्याने किती गाड्या काढायच्या ते परवान्यावर ठरे. १९६९ मध्ये सरकारने किमतीही बांधून दिल्या, तेव्हा कारखानदार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. गिऱ्हाइकाने मात्र अनामत भरावी, नंबर लावावा आणि वर्षे मोजावीत. लग्न ठरताना लावलेला नंबर मुलगा शाळेत गेल्यावर लागावा, अशी तऱ्हा. त्यामुळे ज्याच्या दारात फियाट उभी, तो राजा. वापरलेल्या गाडीला नव्या गाडीच्या बांधल्या किमतीहून जास्त पैसे मोजणारे लोक भेटत. कारण ती आज मिळत होती. नवीच्या किमतीत वाट पाहण्याचे मोल लिहिलेले नसे, ते जुनीच्या किमतीत दिसे.

हा उलटा हिशेब सुलटा व्हायला १४ डिसेंबर १९८३ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. तिच्यासाठीही पुष्कळांनी नंबर लावून वाट पाहिली. पण १९९३ मध्ये मोटारींवरचा परवाना उठला, कारखाने वाढले आणि रांग विरली. फियाटची पद्मिनी २००० च्या सुमारास थांबली, अँबेसडर २०१४ मध्ये. मौज अशी, की त्याच फियाटचा पुढचा कारखाना शिरूर तालुक्यात, महागणपतीच्या रांजणगावी उभा राहिला. टाटा त्यात भागीदार झाले, आणि २०१७ पासून तेथे जीप कंपास तयार होऊ लागली. एकेकाळी लिलावातून जुनी जीप आणणाऱ्या मुलखात नवी जीप घडू लागली!

मग आज हिशेब कसा करावा? आमच्या मते इतिहासाने शिकविलेला प्रश्न एकच आहे : किमतीत न लिहिलेले मोल कोणते? नव्या गाडीत ते पहिल्या दोन-तीन वर्षांच्या घसरणीचे असते. दुकानाच्या दारातून बाहेर पडताच ती जुनी होते, आणि कर्जाचा हप्ता मात्र नव्याचाच राहतो. जुन्या गाडीत ते न दिसणाऱ्या भूतकाळाचे असते. उसाच्या फडात किती राबली, पुरात बुडाली होती काय, हे रंगावरून कळत नाही. म्हणून विकणाऱ्याचा नव्हे, आपला मिस्त्री न्यावा. दुरुस्तीची वही मागावी आणि इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे.

आणि कागद! २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. कर्ज फिटले असेल, तर बँकेचे नाव नोंदणी-पुस्तकातून काढून घ्यावे. विकणाऱ्यानेही आळस करू नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक धरून ठरेल, गाडी मग कितीही हात फिरलेली असो. गावकीतला शब्द मोलाचा खरा. पण वाटेत कोणाचा जीव गेला, तर तो शब्द कोर्टात उभा राहत नाही.

रोज न्हावऱ्याहून चौफुल्याला धावायचे असेल, मागे लहान मुले बसायची असतील आणि हप्ता पेलत असेल, तर नवी घ्यावी. महिन्यातून चार वेळा बाजार, देवदर्शन आणि लग्नकार्य एवढेच काम असेल, तर निवडून घेतलेली जुनी गाडी मुकाट्याने संसार ओढते. उरलेल्या पैशांत विहिरीवर मोटार बसते, आणि तिच्यामुळे पीक येते. आमच्या आधीच्या पिढीला निवड नव्हती, नुसती वाट होती. आपल्याला निवड मिळाली आहे. ती शेजाऱ्याच्या दारातली गाडी पाहून करू नये, एवढेच दिवाळीच्या दिवशी सांगणे.